जड मधे, हलकं वर

किण्.

कपाला कप लागला आणि पुन्हा सगळं गप्प झालं.

मित्रांनो, मी एक जुनी कॅरव्हॅन आहे. म्हणजे साध्या मोटारीच्या पाठीला जोडून ओढत न्यायची, चाकांवरची एक खोली. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. पुढची नेईल तिकडे जायचं आणि ती थांबेल तिथे थांबायचं, एवढंच माझ्या हाती. आत्ता ती घाटाच्या उतारावर रस्त्याच्या कडेला थांबली आहे. माझं डावं चाक खडीत रुतलंय आणि त्याच्या पलीकडे हातभर गवत सोडलं तर दरीच आहे. मोटारीत एक बाई स्टिअरिंग धरून बसली आहे. मागच्या सीटवर तिची लेक आहे. माझ्या आत ओट्यावर हुकांना तीन कप टांगलेले होते. त्यातला एक फुटला. उरलेले दोघे अजून हलताहेत.

थोड्या वेळाने ती उतरेल, मागे येईल, माझं दार उघडेल. तिला आत काय दिसणार आहे हे मला ठाऊक आहे आणि मला ते तिला आधी सांगता येत नाही. तोवर तुम्ही तरी माझी गोष्ट ऐका.

मी काही खोली म्हणून जन्मले नाही. आधी मी नुसता लोखंडी सांगाडा होते, पाण्यातली नाव रस्त्यावरून वाहून न्यायला केलेला. नाव बुडाली की विकली गेली, कोण जाणे. मी मात्र भंगाराच्या ढिगात गंजत पडले. तिथून मला एका रंगाऱ्याने उचललं. हा रंगारी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एका गावातल्या पाट्या संपल्या की पुढच्या गावाला जायचा. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मुलीच्या थोरल्या बहिणीने विचारलं, "घर आहे ना स्वतःचं?"

"आहे की."

"कुठे?"

"तुम्ही सांगाल तिथे," हा म्हणाला, आणि धावत येऊन मला विकत घेतलं.

त्याचा एक सुतार मित्र होता. त्या सुताराच्या कारखान्यामागच्या अंगणात माझ्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, ओटा झाला, बाक झाला. सुताराचा हात जड. तो स्टूल करायला घेई आणि त्यावर घोडा उभा राहील इतकं मजबूत करून ठेवी. माझ्या कपाटाला त्याने जाड फळ्या आणल्या तेव्हा रंगारी कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे बाबा, मला ही ओढायची आहे. माझ्याकडे मोटार आहे, हत्ती नाही." सुतार रुसला. पण फळ्या तासून पातळ केल्या त्याने. मागच्या भिंतीला मात्र रंगाऱ्याने हट्टाने मोठी खिडकी लावून घेतली आणि तिच्याखाली पलंग टाकला. सकाळी डोळे उघडले की आधी उजेड दिसला पाहिजे, बाकी जग नंतर, असं त्याचं म्हणणं होतं.

माझे चांगले दिवस म्हणजे ते. पेट्रोलपंपावर लोक माझ्याभोवती फेरी मारायचे, काचेला नाक लावून आत बघायचे. "एवढीशी मोटार हिला ओढते?" असं कुणी विचारलं की रंगारी हसून म्हणायचा, "मोटार एवढीशी आहे म्हणून तर मला शहाणं व्हावं लागलं." आणि ते खरं होतं. निघण्याआधी तो माझी जी उठाठेव करायचा, ती एखाद्या आईने लेकराला शाळेत पाठवताना करावी तशी. टायरची हवा बघायची. मागचे दिवे लागतात का ते बायकोला ओरडून विचारायचं. मोटारीच्या पाठीवरच्या लोखंडी गोळ्यावर माझ्या दांड्याचं तोंड बसवायचं, ते खरंच अडकलं का हे दांडा वर उचलून बघायचं आणि मग खालून साखळ्या फुलीसारख्या घालायच्या, म्हणजे जोड तुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडावा. पण सगळ्यात आधी तो आणायचा न्हाणीघरातला वजनकाटा. त्याच्यावर माझ्या दांड्याचं टोक टेकवून बघायचा.

"हिचं नाक थोडं खाली झुकलेलं हवं," तो बायकोला सांगे. "नाक वर करून चालणारी गाडी घात करते. आणि नाक वर करून चालणारी बाई..."

"बाईचं नाक मधे आणू नकोस," ती आतून म्हणायची. "कांदा चिरतेय. हातात सुरी आहे."

मित्रांनो, यातलं मर्म नीट समजून घ्या, कारण आजची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. माझी दोन चाकं मधोमध आहेत. जड सामान त्यांच्या वर, किंचित पुढे असलं की मी शहाण्या गाईसारखी मागे मागे येते. तेच सामान मागे गेलं की माझं नाक हलकं होतं आणि शेपूट डोलायला लागतं. आधी थोडंसं. मग एक वाऱ्याचा झोत येतो, किंवा उतार लागतो, आणि मी पुढच्या मोटारीची पाठ एकदा डावीकडे ओढते, एकदा उजवीकडे. ते माझ्या मनात नसतं. पण माझ्या मनाला तिथे कोण विचारतो? म्हणून रंगाऱ्याने एक ओळ केली होती आणि सामान भरताना तो ती गुणगुणायचा: जड मधे, हलकं वर, नको ते ठेव जमिनीवर.

ते कपही त्यानेच मुद्दाम सैल हुकांना टांगले. मी डोलायला लागले की आधी तेच वाजतात. गंमत अशी की पुढे मोटारीत बसलेल्याला ते ऐकूच येत नाहीत. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो स्वतःवरच खूप हसला. कप मात्र तसेच राहिले.

मग त्यांना लेक झाली. तिला सगळे खारूताई म्हणतात, कारण दिसेल ते उचलून साठवायची तिला खोड. विशेष म्हणजे दगड. प्रत्येक मुक्कामावरून तिला एक दगड हवा असे, आणि तोही चिमुकला नव्हे, दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणावा लागेल असा. रंगारी उरलेल्या रंगाने त्याला डोळे, नाक, तोंड काढून द्यायचा. एकाला मिशा आल्या आणि तो सुतारकाका झाला. एकाच्या भुवया चढल्या आणि ती रागावलेली आई झाली. मुक्काम असला की ही सगळी मंडळी खिडकीत बसायची. निघायची वेळ झाली की रंगारी दारात उभा राहून टाळी वाजवायचा: "चला मंडळी, मधे सरका." मग बापलेक एकेक दगड उचलून चाकांच्या बरोबर वरच्या बाकाखाली ठेवायची. ती त्या दोघांची मजा होती. आई तेव्हा भांडी बांधण्यात असायची. ते दगड सगळे मिळून किती जड आहेत, याचा तिला कधी पत्ताच लागला नाही.

त्यानंतर रंगारी आजारी पडला. दूरच्या मोठ्या इस्पितळात त्याला ठेवलं आणि मी सुताराच्या अंगणात, जिथे जन्मले तिथेच, उभी राहिले. बाई बसने जायची, बसने यायची. कधी लेकीला सुताराच्या घरी ठेवायची, कधी बरोबर न्यायची. मला कोण बघणार? माझे टायर एकाच जागी बसून चपटे झाले, त्यांना भेगा पडल्या. छपरावर पाला कुजला. पलंगावरची त्याची उशी त्याच्या डोक्याचा खळगा धरून तशीच राहिली, कारण बाईने ती झटकली नाही. मी तक्रार करत नाही. तिची ओंजळ आधीच भरलेली होती.

एक दिवस ती इस्पितळातून आली आणि दार लावून माझ्या बाकावर बसली. मग सुतार चहा घेऊन आला तेव्हा त्याला म्हणाली, "भाऊ, त्याला घर बघायचंय. डॉक्टर म्हणाले, प्रवास झेपणार नाही."

सुताराने चहा तिच्यापुढे सरकवला.

"तो घरी येऊ शकत नाही ना? मग घर त्याच्याकडे जाईल," ती म्हणाली. "त्याच्या खिडकीखाली पटांगण आहे. मी विचारून आलेय. लावू देतील."

"वहिनी, ओढणार कोण?"

"मी. तुम्ही ओढता का?"

"मी रंधा ओढतो. मोटारीचं मला विचारू नका."

ती माझ्यासाठी नवे टायर घेऊन आली. छप्पर धुतलं. अंगणात मला मागेपुढे करून शिकली. मोटार डावीकडे वळवली की मी उजवीकडे जाते, या माझ्या खोडीवर रडकुंडीला आली, चिडली आणि तरी शिकली. रंगाऱ्याने सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं. इतकी वर्षं कांदा चिरता चिरता तिने सगळं ऐकलं होतं.

आज सकाळी तिने काहीही चुकवलं नाही. रंगाचे डबे सुताराकडे ठेवले, पाण्याची टाकी रिकामी केली, दांडा काट्यावर टेकवला. काटा जिथे यायला हवा तिथे आला. तिने डोळे मिटून श्वास सोडला आणि काटा कपड्यात गुंडाळून कपाटात बांधून टाकला.

त्यानंतर ती मागचे दिवे बघायला बाहेर गेली, आणि खारूताई आत आली. बाकाचं झाकण उघडून तिने आपली मंडळी बाहेर काढली. एकेक दगड पोटाशी धरून ती मागे नेत होती आणि बाबांच्या पलंगावर, उशीभोवती, मांडत होती. वर गोधडी घातली, त्यांना थंडी वाजू नये म्हणून. दगड मागे जात होते आणि माझं नाक वर येत होतं. ते मला कळत होतं. पण मी फक्त खोली आहे, मित्रांनो. मी कोणाला हाक मारू?

एवढ्यात सुतार आला. खांद्यावर लाकडी उतरण, म्हणजे दाराला तिरकी लावायची रुंद फळी. त्याने आठवडाभर खपून केली होती, चाकाच्या खुर्चीसाठी. अर्थातच त्यावरून घोडा गेला असता.

"वहिनी, त्याची खुर्ची सरळ आत येईल बघा. हलायची सुद्धा नाही."

नेमका तेव्हाच फोन वाजला. बाई माझ्या दारातच उभी होती, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. इस्पितळातल्या सिस्टर होत्या. "ताई, ते आता बसत नाहीत. पण मान खिडकीकडे करून ठेवा म्हणतात. जमलं तर आजच पोचा."

तिने फोन ठेवला. सुतार अजून उतरण खांद्यावर घेऊन उभा होता, शाबासकीची वाट बघत. ते आता बसत नाहीत, हे ती त्याला सांगू शकली असती. ती म्हणाली, "छान झालीय भाऊ. मागे ठेवा, खिडकीपाशी. उतरवायला सोपी पडेल."

मागे. तिच्या तोंडून तो शब्द गेला आणि तिने कपाटाकडे पाहिलंही, जिथे काटा बांधून ठेवला होता. पुन्हा सोडायचा, पुन्हा जोखायचं. मग तिने हातातल्या फोनकडे पाहिलं आणि मोटार सुरू केली.

सपाट रस्त्यावर निभावलं. ती हळू चालवत होती. चढणीलाही मी गुमान मागे होते. घाटमाथा ओलांडून उतार लागला आणि पहिला कप किणकिणला.

तो आवाज फक्त मला ऐकू आला. मी दांड्यातून सांगायचा प्रयत्न केला, पण दांड्यातून फक्त धक्के जातात आणि रस्त्यावर धक्क्यांना काय तोटा. मग समोरून एक भरधाव ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने माझ्या अंगाला ढकललं, शेपूट डावीकडे गेलं, परत आलं ते उजवीकडे जास्तच. आत गोधडी सरकली, दगड घरंगळले. तिन्ही कप एकमेकांवर आपटू लागले. मी त्या एवढ्याशा मोटारीची पाठ धरून झटकत होते. तिच्यात कोण बसलंय हे मला ठाऊक होतं. मला थांबायचं होतं आणि थांबायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

तिचा पाय ब्रेकवर पडला. घाबरल्यावर कुणाचाही पडतो. मी आणखीच पिसाळले. दरी एकदा माझ्या खिडकीत आली आणि गेली. तेवढ्यात तिने ब्रेकवरून पाय काढला. ॲक्सिलरेटरवरही पाय नव्हता. स्टिअरिंग तिने सरळ धरून ठेवलं, मी इकडे ओढलं तरी, तिकडे ओढलं तरी. माझ्याशी भांडली नाही. हट्टाला पेटलेल्या पोराला आई नुसती धरून बसते, तसं. वेग उतरत गेला. माझे हेलकावे लहान झाले. मग तिने ब्रेकवर हलकेच पाय टेकवला आणि आम्ही खडीत थांबलो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही गाडीमागे कधी काही जोडाल. तेव्हा माझं एवढं ऐका. एकदा जोखलंत म्हणजे झालं असं समजू नका. जोखल्यानंतर जो येतो तो प्रेमानेच काहीतरी आणून ठेवतो, आणि प्रेमाने ठेवलेल्या वस्तूलाही वजन असतं. निघण्याआधी पुन्हा बघा. घाई असेल तर नक्की बघा. आणि मागून येणाऱ्याने ओढाताण केली तर घाबरून ब्रेक दाबू नका; पाय उचला, हात सरळ ठेवा.

बाई उतरली. लेकीला तिने दरीपासून लांबच्या बाजूने उतरवलं आणि माझं दार उघडलं. जमिनीवर कपाचे तुकडे होते आणि सगळीकडे दगड. सगळे डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होते.

"हे मागे कुणी नेले?"

"मी," खारूताई म्हणाली. "बाबा तिथेच झोपतात ना. उठल्या उठल्या दिसतील."

बाईने एक दगड उचलला आणि दारातून बाहेर फेकला. दुसरा फेकला. तिसरा. नुसता धापेचा आवाज येत होता. पोर रडली नाही. अगदी हळू म्हणाली, "आई, त्यातला एक सुतारकाका होता."

बाईच्या हातात तेव्हा चौथा दगड होता. तिने तो फिरवून पाहिला. चढलेल्या भुवया, वाकडं तोंड. ती तो मांडीवर घेऊन खाली बसली, तुकड्यांमधेच.

"माझ्यामुळे झालं?" लेकीने विचारलं.

"नाही गं. उतरण मी मागे ठेवायला सांगितली. काटा परत बघितला नाही."

"म्हणजे दोघींमुळे?"

"दोघींमुळे."

"मग बाबांना सांगायचं का?"

"सांगू. आधी पोचू."

फेकलेले दगड दोघींनी रस्त्याकडेच्या खडीतून शोधून आणले. सुतारकाकाच्या मिशीचा टवका उडाला होता. मी घसरू नये म्हणून त्याला बाईने माझ्या चाकाखाली उटी लावला, तेवढ्यापुरता. "याच्याइतकं मजबूत दुसरं कोण आहे," ती म्हणाली आणि खारूताई हसली. मग पोरीने दारात उभं राहून टाळी वाजवली, बापाच्या आवाजात म्हणाली, "चला मंडळी, मधे सरका," आणि बाई पहिला दगड उचलायला खाली वाकली.

दगड बाकाखाली गेले. राहिली उतरण. बाईने तिची दोरी सोडली, एक टोक उचललं, आणि ती फरफटत दाराबाहेर काढली. ती माझ्या मधोमध, चाकांवर आडवी मावली असती. मला ते माहीत होतं. तिलाही होतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला डोंगराची भिंत होती, तिला टेकवून तिने ती नीट उभी केली, कुणी घेईल तर त्याला बरी मिळावी अशी.

"आई, ही पण मधे ठेवू ना."

"नको. खाली सपाटी लागली की काटा बघायचाय. भार कमी बरा."

"दगड ठेवले आणि ही नको?"

"दगड बाबांना बघायचेत."

खारूताई उतरणीकडे बघत राहिली. ओठांत ती ओळ पुटपुटली, जड मधे, हलकं वर, नको ते... आणि तिथेच अडखळली. पुन्हा एकदा मनात जुळवून पाहिलं. मग आईचा पदर ओढला.

"आई, बाबा आता जड आहेत की हलके? येताना त्यांना कुठे ठेवायचं?"